यूआरएलच्या शेवटचा स्लॅश: ठेवायचा, काढायचा, की दोन्ही चालू द्यायचे?

टॉवेलपेठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका चादर-टॉवेल व्यापाऱ्याची ऑनलाइन ऑर्डरची साइट आम्ही नव्याने बांधतोय. जुनी साइट साध्या फोल्डरांची होती, अपाची या वेब-सर्व्हरवर चालायची. तिचे पत्ते /चादर/, /टॉवेल/, /चादर/जकार्ड/ असे, शेवटी स्लॅश असलेले. नवी साइट जॅंगोत (पायथन भाषेतली साइट बांधायची फ्रेमवर्क) आहे, पुढे एन्जिनएक्स हा वेब-सर्व्हर. शिवाय घाऊक गिऱ्हाइकांसाठी मोबाइल अ‍ॅप येतंय, त्याची एपीआय (अ‍ॅपने सर्व्हरशी बोलायचे पत्ते) वेगळी.

सध्या राउटमध्ये (कुठल्या पत्त्याला कुठलं पान ते ठरवणारा नियम) शेवटचा स्लॅश ऐच्छिक ठेवलाय, त्यामुळे /चादर आणि /चादर/ दोन्हीकडे तेच पान उघडतं. यावरून आमच्यात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, स्लॅश काढून टाका, पत्ता सुटसुटीत दिसतो. दुसऱ्याचं म्हणणं, जॅंगोची पद्धत स्लॅशची आहे, तीच ठेवा. माझं मत असं की दोन्ही चालू असलेले बरे. गिऱ्हाइकाने कसंही टाइप केलं तरी पान उघडलं पाहिजे, नियम त्याच्या माथी कशाला?

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी साइट लोकांसमोर यायला हवी, म्हणून आत्ताच ठरवायचंय. दोन्ही पत्ते उत्तर देत राहिले तर नेमकं बिघडतं काय? आणि एकच ठेवायचा तर कुठला?

जुळे_सोलापूरकर

काही बिघडत नाही ओ. पान उघडतंय ना? मग झालं की.

हातमाग

बिघडतं, आणि लगेच दिसत नाही म्हणून जास्त त्रास देतं.

यूआरएलचं मानक म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ३९८६, जानेवारी २००५ चं, टिम बर्नर्स-ली, रॉय फिल्डिंग आणि लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेलं. त्याच्या हिशेबाने /चादर आणि /चादर/ हे दोन वेगळे पत्ते आहेत. दोन्हीकडे तेच पान देणं ही तुमच्या सर्व्हरची मर्जी. ब्राउझर, कॅशे (पानांच्या साठवलेल्या प्रती), सर्च इंजिन यांपैकी कुणीही ते गृहीत धरत नाही. सूट फक्त मुखपृष्ठाला आहे. डोमेननंतर काहीच लिहिलं नाही तरी ब्राउझर / हाच पाथ (पत्त्याचा डोमेननंतरचा भाग) पाठवतो, त्यामुळे तिथे प्रश्न उद्भवत नाही.

आता व्यवहारात बघा. पानात "फोटो/लाल.जेपीजी" अशी सापेक्ष लिंक आहे. पत्ता /चादर/ असेल तर ब्राउझर /चादर/फोटो/लाल.जेपीजी मागतो. पत्ता /चादर असेल तर शेवटच्या स्लॅशनंतरचा तुकडा टाकून देतो आणि थेट /फोटो/लाल.जेपीजी मागतो. पान तेच, एचटीएमएल तेच, पण एकीकडे फोटो दिसतो आणि दुसरीकडे ४०४ (सापडलं नाही). अपाची फोल्डरच्या पत्त्याला स्वतःहून स्लॅश जोडून ३०१ (नव्या पत्त्यावर कायमचं पाठवणारा रिडायरेक्ट) देतो तो याचसाठी. तुमची जुनी साइट इतकी वर्षं नीट चालली त्यात त्या सोयीचा वाटा आहे.

टॉवेलपेठ

हातमागदादा, धन्यवाद. आमच्या नव्या साइटवर सगळ्या लिंका / पासून सुरू होतात, त्यामुळे फोटोंचा प्रश्न येणार नाही. तरीही नको म्हणता?

हातमाग

तरीही नको. कुकीचं (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) उदाहरण घ्या. जावास्क्रिप्टने कुकी टाकताना पाथ लिहायचा राहिला, तर ब्राउझर तो पानाच्या पत्त्यावरून ठरवतो. /खाते वर टाकलेल्या कुकीचा पाथ होतो /, म्हणजे ती साइटभर चालते. /खाते/ वर टाकलेल्या कुकीचा पाथ होतो /खाते, म्हणजे ती चादरीच्या पानावर जातच नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं की भाषा बदलून इंग्रजी केली होती, ती मध्येच पुन्हा मराठी झाली. तुम्ही तपासायला बसता तेव्हा तुमच्या पत्त्यात स्लॅश नसतो आणि सगळं व्यवस्थित चालतं! असा दोष शोधण्यात दिवस जातो.

शेंगाचटणी

सर्चच्या बाजूने सांगते, माझं कामच ते आहे.

गूगल हे दोन पत्ते वेगळे धरतं. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी स्वतःच्या वेबमास्टर ब्लॉगवर यावर लिहिलं होतं आणि सल्ला साधा होता: स्लॅश ठेवा किंवा काढा, आमची दोन्हीला हरकत नाही, पण एकच ठेवा आणि दुसऱ्यावरून ३०१ ने तिकडे पाठवा. दोन्ही चालू ठेवल्याने दंड वगैरे बसत नाही, तो गैरसमज आहे. होतं असं की बाहेरून आलेल्या लिंका दोन पत्त्यांत वाटल्या जातात, क्रॉलर (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) तेच पान दोनदा वाचतो, आणि निकालात कुठला पत्ता दाखवायचा हे तुमच्याऐवजी गूगल ठरवतं.

भेटींच्या अहवालातही "/चादर" आणि "/चादर/" अशा दोन ओळी येतात. व्यापारी विचारतो, जकार्ड चादर किती जणांनी पाहिली? दर वेळी बेरीज करून सांगायची का?

पूर्व_भाग

मी धागाकर्त्याच्या बाजूने. दोन्ही द्या आणि पानात कॅनॉनिकल टॅग (मुख्य पत्ता कुठला ते सांगणारी खूण) लावा. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तो याचसाठी आणला. एक्सप्रेस (जावास्क्रिप्टची फ्रेमवर्क) तर मुळातच दोन्ही पत्ते एक धरतो, वेगळं हवं असेल तर स्ट्रिक्ट राउटिंग आपण चालू करायचं. जगभरातल्या कितीतरी साइटी तशाच चालल्यात, कुठं काय कोसळलंय?

रिडायरेक्ट म्हणजे सर्व्हरकडे एक जास्तीचा हेलपाटा. इथे शहरात जाणवणार नाही, पण मंगळवेढ्याच्या पुढं खेडोपाडी रेंज कशी असते ते आम्हाला विचारा. तिथला दुकानदार टॉवेलची ऑर्डर देताना आधीच चक्र फिरताना बघत बसलेला असतो.

शेंगाचटणी

@पूर्व_भाग, हेलपाट्याचा मुद्दा खरा आहे, मी तो टाळणार नाही. पण तो हेलपाटा चुकीच्या पत्त्याने येणाऱ्यालाच पडतो. तुमच्या स्वतःच्या मेनूतल्या, फिल्टरच्या, साइटमॅपमधल्या, क्यूआर कोडमधल्या लिंका सुरुवातीपासून बरोबर असल्या तर मंगळवेढ्याचा दुकानदार रिडायरेक्टला भेटतच नाही. आणि कॅनॉनिकल टॅग हा सर्च इंजिनला दिलेला इशारा आहे. कुकी आणि कॅशे तो वाचत नाहीत.

पूर्व_भाग

कॅशेचं मान्य. सीडीएनवर (पानांच्या प्रती जागोजागी ठेवणारे सर्व्हर) तेच पान दोनदा साठतं, आणि भाव बदलल्यावर एकच पुसलं की दुसऱ्या पत्त्यावर जुना भाव दिसत राहतो. हे मी पाहिलंय. बाकी मतावर ठाम आहे.

सातरस्ता

सातही रस्त्यांनी या, पोचायचं एकाच चौकात. रिडायरेक्टचं काम तेवढंच आहे. +१ शेंगाचटणीताई.

गारमेंटवाला

सगळे पानांबद्दल बोलताय, खरा मार पोस्टमध्ये (सर्व्हरला मजकूर पाठवणारी विनंती) बसतो.

आमचं काम शाळेच्या गणवेशांचं. आमच्या साइटवर पैसे जमा झालेले दिसायचे, पण ऑर्डर "प्रलंबित" राहायची. गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय, बँकेत पैसे आलेत, आणि आमच्या पडद्यावर काहीच नाही. पेमेंट गेटवे पैसे मिळाल्याची खबर पोस्टने आमच्या सर्व्हरला देतो. त्यांच्या पॅनलमध्ये पत्ता भरला होता /पेमेंट/खबर, आणि अ‍ॅपमध्ये राउट होता /पेमेंट/खबर/. सर्व्हर प्रत्येक खबरीला ३०१ देत होता आणि गेटवे ते अपयश धरून गप्प बसत होता. जून महिना, शाळा सुरू होण्याची घाई, आणि हिशेबनीस वहीवर एकेक नोंद ताडून बघत बसलेले.

एका स्लॅशने हे होतं. त्यामुळे "काही बिघडत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

शेवटचं_वर्ष

सर, मी इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला आहे. गेटवेने ३०१ मानला असता तर खबर पोचली असती ना? ३०१ आणि ३०८ मधला फरक आम्हाला "दोन्ही कायमचे" एवढाच शिकवलाय.

कंबर_तलाव

नसती पोचली, आणि फरक तिथेच आहे.

३०१ आणि ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पूर्वापार पोस्टचं गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करतात. नव्या पत्त्यावर जातात, पण फॉर्ममधला मजकूर मागेच राहतो. ही वागणूक इतकी रुळली की मानकानेही तिला मुभा देऊन टाकली. मग पद्धत न बदलता पाठवायची सोय म्हणून तात्पुरत्यासाठी ३०७ होता, आणि कायमच्यासाठी ३०८ आला. ३०८ आधी २०१४ मध्ये प्रायोगिक म्हणून आला, एप्रिल २०१५ मध्ये आरएफसी ७५३८ झाला, आणि आता दोन्ही जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहेत. ३०७ किंवा ३०८ मिळाला तर पोस्ट पोस्टच राहते आणि मजकूरही सोबत जातो.

आता जॅंगो. त्यातली अपेंड_स्लॅश ही सेटिंग मुळात चालू असते. स्लॅशशिवायच्या पत्त्याला राउट सापडला नाही आणि स्लॅश लावून सापडत असेल, तर ती ३०१ देते. डीबग (दोष शोधायची सेटिंग) चालू असताना अशी पोस्ट आली तर जॅंगो चक्क एरर फेकतो आणि सांगतो की मजकूर हरवेल. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर इशारा मिळतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर डीबग बंद, तिथे गुपचूप ३०१ जातो. गारमेंटवाल्यांच्या तक्रारीचं मूळ बहुधा तेच.

फ्लास्कमध्ये अजून वेगळं. राउट /चादर/ असा लिहिला तर स्लॅशशिवाय आलेल्याला तो तिकडे पाठवतो. राउट /चादर असा लिहिला आणि कुणी स्लॅश लावून आलं, तर सरळ ४०४. नेक्स्ट उलट वागतं, स्लॅश काढून ३०८ देतं. लारावेलसोबत येणारी अपाचीची फाइलही स्लॅश काढते, पण ३०१ ने. प्रत्येक फ्रेमवर्कचा स्वभाव वेगळा, म्हणून "आपोआप होतं" यावर कधी विसंबू नका. स्वतः ठरवा आणि स्वतः तपासा.

शेवटचं_वर्ष

समजलं सर. वाखू (वाचनखूण) साठवली.

हुग्गी_आणि_भाकरी

अवांतर: यंदा गड्ड्यावर भेटायचं का सगळ्यांनी? शेंगाचटणीताईंनी आयडीला जागून चटणी आणावी. कडक भाकरी माझ्याकडं लागली.

शेंगाचटणी

आणते की! पण दही तुमचं.

रेस्टवाली

एपीआयबद्दल लिहिते, कारण मूळ पोस्टमध्ये अ‍ॅपचा उल्लेख आहे आणि सगळे पानांतच अडकलेत.

एपीआयवर रिडायरेक्ट नकोच. वेबवरून दुसऱ्या डोमेनच्या एपीआयला हाक मारताना ब्राउझर बऱ्याचदा आधी ऑप्शन्सची पूर्वतपासणी (परवानगी विचारणारी विनंती) पाठवतो. तिला रिडायरेक्टचं उत्तर मिळालं तर ब्राउझर तिथेच थांबतो आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरांत कॉर्सची (दुसऱ्या डोमेनला हाक मारायचे नियम) एरर येते. मग पोरं दिवसभर कॉर्सच्या सेटिंगी उलटसुलट करतात आणि कारण निघतं स्लॅश.

फास्टएपीआय या फ्रेमवर्कमध्ये दुसरी गंमत. तो ३०७ देतो, म्हणजे पोस्ट वाचते. पण पुढे एन्जिनएक्स असेल आणि मूळ विनंती एचटीटीपीएसची होती हे आतल्या अ‍ॅपला नीट कळवलं नसेल, तर रिडायरेक्टचा पत्ता एचटीटीपीने सुरू होतो. सुरक्षित पानावरून असुरक्षित पत्ता मागितला म्हणून ब्राउझर अडवतो.

आमचा नियम: एपीआयचे पत्ते स्लॅशशिवाय, आणि चुकीच्या पत्त्याला स्पष्ट ४०४. अ‍ॅप लिहिणारा माणूस आहे, त्याला पहिल्याच दिवशी चूक दिसू द्या.

पूर्व_भाग

वा! मी दोन्ही चालू ठेवा म्हटलं तर सगळे अंगावर आले, आणि रेस्टवालीताई थेट ४०४ देतायत. दुकानदाराच्या फोनवर जुनं अ‍ॅप असतं, तो महिनोन् महिने अपडेट करत नाही. त्याला ४०४ देणार?

रेस्टवाली

जुन्या अ‍ॅपचे पत्ते एकदा चालू झाले की ते तसेच जपायचे, त्यात वाद नाही. ४०४ जे पत्ते कधी दिलेच नाहीत त्यांच्यासाठी.

एन्जिनएक्स_अण्णा

एक गोष्ट राहिली. एन्जिनएक्समध्ये स्लॅश दोन जागी लागतो आणि दोन्हीचे परिणाम वेगळे.

लोकेशन /एपीआय/ असं लिहून आत प्रॉक्सी_पास (विनंती आतल्या अ‍ॅपकडे पाठवणारी ओळ) दिला, तर नुसत्या /एपीआय ला एन्जिनएक्स आपणहून ३०१ देतो. अ‍ॅपच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, लोक अ‍ॅपमध्येच शोधत बसतात. ते नको असेल तर बरोबरचं चिन्ह लावून नेमकं लोकेशन वेगळं लिहा.

दुसरी जागा प्रॉक्सी_पासच्या पत्त्याची. पोर्टनंतर स्लॅश नसेल तर पूर्ण पाथ जसाच्या तसा आत जातो: /एपीआय/ऑर्डर. स्लॅश असेल तर लोकेशनएवढा भाग कापून आत फक्त /ऑर्डर जातो. त्या एका चिन्हाने सगळे राउट ४०४ होतात. सर्व्हरवर हात घालण्याआधी लॉगमध्ये स्टेटस आणि पूर्ण पत्ता दोन्ही दिसतायत का बघा.

जावावाले_काका

सुरक्षेचं कुणी काढलं नाही. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये पूर्वी /हिशेब साठी लिहिलेला कंट्रोलर (उत्तर देणारा कोड) /हिशेब/ लाही उत्तर द्यायचा. सुरक्षेचा नियम मात्र अँट पद्धतीने (पत्ता तंतोतंत जुळवणाऱ्या) फक्त /हिशेब वर लावला, तर स्लॅश जोडून आलेला माणूस नियमातून सुटायचा आणि कंट्रोलरपर्यंत पोचायचा. कुलूप एका पत्त्यावर आणि दार दोन पत्त्यांवर उघडं. नोव्हेंबर २०२२ मधल्या स्प्रिंग ६ पासून हे आपोआप जुळवणं मुळातच बंद केलंय. अपग्रेड करताना लोकांचे पत्ते ४०४ झाले, कुरकुर झाली, पण निर्णय योग्य होता.

जॅंगोचीही एक आठवण. स्लॅश जोडणाऱ्या त्याच रिडायरेक्टमध्ये भोक सापडलं होतं. पाथची सुरुवातच दोन स्लॅशनी केली की रिडायरेक्ट परक्या डोमेनवर जाऊ शकायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये २.०.८ आणि १.११.१५ या आवृत्त्यांत ते बुजवलं. म्हणून स्लॅशचा रिडायरेक्ट हाताने लिहिणाऱ्यांनी पाथच्या सुरुवातीचे जोडस्लॅश आधी तपासावेत.

पूर्व_भाग

काकांचा मुद्दा माझ्या मतावर भारी आहे. व्यवस्थापकाच्या पानांवर दोन्ही पत्ते चालू ठेवणं धोक्याचं, हे मान्य करतो. उघड पानांबद्दल अजून तसाच विचार आहे.

माळ्यावरचं_सूत

मी कापडातला माणूस, संगणकातला नाही. पोरगा साइट करतोय म्हणून वाचतोय. आमच्याकडं दोन पदरी वीस काउंटचं सूत "२/२०" असं लिहितात. त्या स्लॅशचं काय होतं?

कंबर_तलाव

मामा, फार नेमका प्रश्न विचारलात.

पत्त्यात स्लॅश म्हणजे नवा टप्पा. /सूत/२/२० लिहिलं की संगणक समजतो "सूत"च्या आत "२", त्याच्या आत "२०". कुणी तो स्लॅश टक्क्याच्या चिन्हाने सांकेतिक करून पाठवला, तर मानकाप्रमाणे तो टप्पा पाडणारा स्लॅश राहत नाही, पण वाटेतला प्रत्येक सर्व्हर तसं वागेलच असं नाही. अपाची तर मूळ सेटिंगमध्ये असा पत्ता ४०४ देऊन परत पाठवतो. मुलाला सांगा, पत्त्यात /सूत/२-२०/ लिही आणि पानावर २/२० छाप.

देवनागरी पत्त्यांचीही भर घालतो. ब्राउझरच्या पट्टीत /चादर/ दिसतं, पण पाठवताना प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. "चादर" मध्ये काना धरून चार चिन्हं, म्हणजे छत्तीस अक्षरं. रिडायरेक्टचा नियम या सांकेतिक रूपावरही तपासा, नाहीतर टक्क्याचं चिन्ह पुन्हा सांकेतिक होऊन पत्ता बिघडतो.

माळ्यावरचं_सूत

पोराला दाखवतो. लई आभार.

टॉवेलपेठ

एवढं वाचून माझं मत बदललं. दोन्ही चालू ठेवत नाही. पण कुठला ठेवायचा हा प्रश्न अजून लटकलाय. स्लॅश काढणारे अजून काढाच म्हणतायत.

हातमाग

तुमच्या बाबतीत स्लॅश ठेवा, आणि कारण जॅंगो नाही. जुने पत्ते स्लॅशचे आहेत. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत, गूगलच्या निकालांत तेच फिरतायत, आणि छापील कॅटलॉग असला तर त्यातही. ते बदलायला ठोस कारण लागतं, "सुटसुटीत दिसतं" हे पुरेसं नाही. नवी कोरी साइट असती तर स्लॅशशिवायला मी लगेच हो म्हटलं असतं.

राउटमधला स्लॅश ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करा, म्हणजे अपेंड_स्लॅशला काम करता येईल. रिडायरेक्ट पानांपुरता ठेवा. पेमेंटच्या खबरीच्या पत्त्याला मात्र दोन्ही रूपांत थेट उत्तर द्या, तिथे पैशाचा मामला आहे आणि पॅनलमध्ये पत्ता कोण भरेल ते आपल्या हातात नसतं. एपीआय रेस्टवालीताई म्हणतात तशी. टेम्प्लेटमध्ये पत्ते हाताने लिहू नका, जॅंगोला नावावरून काढू द्या.

साखळी टाळा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढायला, मग स्लॅश जोडायला असे तीन हेलपाटे पडायला लागले तर पूर्व_भाग यांची तक्रार खरी ठरेल. एन्जिनएक्समध्ये एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर न्या. प्रश्नचिन्हानंतरचा भाग जपा: /चादर?रंग=लाल चं /चादर/?रंग=लाल झालं पाहिजे. एन्जिनएक्समधले नवे नियम सुरुवातीला ३०२ ने चालवा, खात्री पटली की ३०१ करा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा गेला तर गिऱ्हाइकाच्या फोनमधून तो परत काढता येत नाही.

पूर्व_भाग

एका उडीत होणार असेल तर माझी हरकत नाही. पण मंगळवेढ्याहून उघडून बघा एकदा, ऑफिसच्या वायफायवरून नको.

टॉवेलपेठ

ठरलं. पानं स्लॅशसह, एपीआय स्लॅशशिवाय, पेमेंटची खबर दोन्हीकडे. चाचणी सर्व्हरवर कर्लने (पत्ता मागून उत्तर बघायचं साधन) प्रत्येक जुना पत्ता तपासायला घेतलाय. एक शंका: भावपत्रक.पीडीएफ सारख्या फाइली आहेत. त्यांनाही शेवटी स्लॅश?

एन्जिनएक्स_अण्णा

नाही. फाइलच्या नावाला स्लॅश जोडला की ती फोल्डर समजली जाते आणि ४०४ येतो. एन्जिनएक्सचा नियम लिहिताना शेवटच्या टप्प्यात टिंब असलेले पत्ते वगळा. आणि /.वेल-नोन/ खालचं काहीही रिडायरेक्टमध्ये घेऊ नका, एसएसएल प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तपासणी तिथेच येते.